तुझी जीप आता जरा उंच आहे

तीर्थरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग नमस्कार पालथं पडून घालतात हे मला ठाऊक आहे. पण गेले तीन आठवडे मी बहुतेक वेळ उताणीच पडलेली होते, आणि तीही तुझ्या जीपखाली. तेव्हा नमस्कार त्याच स्थितीत घातला असं समज आणि गोड मानून घे.) तुझी प्रकृती कशी आहे? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतोस ना? आजची राहिली असेल तर हे पत्र बाजूला ठेव, गोळी घे, पाच मिनिटं बस आणि मग पुढे वाच. वहिनीची पाठ आता बरी असेल. तिला म्हणावं, वाकून काही उचलू नकोस, उचलण्याचे परिणाम काय होतात ते आम्ही सध्या बघतोय. इकडे सगळे खुशाल आहेत. बाबा खुशाल, तुझे मेहुणे खुशाल, दुकानात शाळेच्या गणवेशांचा ढीग माझ्या कमरेपर्यंत आलाय तोही खुशाल. तुझी जीपही खुशाल आहे. पोचा नाही, काचा शाबूत, रंगाला ओरखडा नाही. ती फक्त उंच झाली आहे.

जाताना तू तीन गोष्टी बजावून गेला होतास. ताडपत्री काढायची नाही, आठवड्यातून एकदा चाकांतली हवा बघायची, आणि मेहुण्यांना जीपच्या आसपास फिरकू द्यायचं नाही. यातली मधली आम्ही अगदी काटेकोर पाळली. चावी तू कपाटात ठेवलीस आणि कपाटाची किल्ली खिशात घालून गेलास, हे काही मला आवडलं नव्हतं. सख्ख्या बहिणीवर एवढा अविश्वास? (कपाटाला मागून फळी आहे आणि तिला चारच खिळे आहेत. परत ठोकलेत.) पण दादा, कारण ऐकशील तर तूही फळी काढली असतीस, आणि तुझ्या हाताने दोन खिळे वाकडेही झाले असते.

कारण आत्या. तुला माहीत आहे, ओढ्यावरचा पूल पडल्याला एकोणीस महिने झाले. तेव्हापासून वर आत्याकडे गाडी जात नाही. पोस्टमन आठवड्यातून दोनदा दगडांवरून उड्या मारत ओढा ओलांडतो आणि पुढे अडीच तास चढतो. बाबांच्या गुडघ्याला दुकानाच्या तीन पायऱ्या जड जातात, तिथे ते अडीच तास काय चढणार! आत्या काही खाली येत नाही, तिच्या मधमाश्यांच्या पेट्यांना म्हणे अनोळखी माणूस चालत नाही. आणि फोनला तिथे रेंज नाही, त्यामुळे एकोणीस महिने दोघा भावाबहिणींचा कारभार पोस्टमनच्या तोंडी निरोपांवर चाललाय. तर महिन्यापूर्वी पोस्टमन दुकानात आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, आत्यांनी सांगितलंय, कोट फार मोठा झालाय, मी आत वळते आणि कोट तिथेच राहतो, नवीन शिवून पाठव. तो हसत सांगत होता, मीही हसले. बाबांनी कात्री खाली ठेवली. पन्नास वर्षं तिचा प्रत्येक कोट त्यांनी शिवलाय. कोट मोठा होत नसतो हे शिंप्याला कोणी सांगावं लागत नाही.

पोस्टमन बिचारा सज्जन. म्हणाला, मी सुतळी घेऊन जातो, छातीला, कमरेला गुंडाळून गाठी मारून आणतो. बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने उरलेलं पाणी न पिताच पेला ठेवला. आपल्या दुकानात दुसऱ्याच्या हातचं माप घेत नाहीत, मग माणूस ओढ्यापलीकडे असो नाहीतर समुद्रापलीकडे. बाबा एवढंच म्हणाले, "मी जाऊन घेतो." पुढचे चार दिवस ते कुठल्या ना कुठल्या टॅक्सीवाल्याला दुकानात बसवून चहा पाजत होते, आणि प्रत्येकजण चहा पिऊन नाही म्हणत होता. पाचव्या दिवशी मी फळी काढली.

पहिल्या फेरीला जीप होती तशीच नेली. बाबा पुढे, गळ्यात टेप, मांडीवर खडूचा डबा. मी चालवायला. मेहुणे मागे, सल्ला द्यायला. ओढ्यात पडलेल्या पुलाचा एक लांबलचक तुकडा आडवा झालाय, तो चुकवायला जागाच नाही, दोन्ही बाजूंना डोह. पुढची चाकं त्यावर चढली, पलीकडे उतरली, मला वाटलं जिंकलो. आणि जीप पोटावर टेकली. गिअरबॉक्सच्या खाली एक आडवी लोखंडी पट्टी असते (मलाही त्याच दिवशी कळलं), ती त्या तुकड्याच्या कडेवर बसली, आणि मागची चाकं पाण्यात नुसती गरगरायला लागली. शेवटी जॅक लावून पोट सुटेपर्यंत उचललं आणि ट्रॅक्टरवाल्याने मागून ओढून काढलं. मी शरमेने लाल झाले होते, मेहुणे भिजून निळे झाले होते. बाबा मात्र वाकून टेप लावून बसले होते. जॅकने किती उचलावं लागलं ते त्यांनी मोजलं, वहीत लिहिलं आणि म्हणाले की सव्वादोन इंच कमी पडतायत. बस्स. जणू एखाद्या गिऱ्हाइकाची विजार आखूड झाली होती.

आता सव्वादोन इंच म्हणजे काय मोठंसं, असं तुला वाटेल. आम्हालाही वाटलं. मेहुण्यांनी त्या दिवसापासून मोबाईलवर जीप उंच करण्याचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. त्यांत सगळी माणसं काळा चष्मा लावून बोलतात आणि कोणाचेच हात तेलकट नसतात. मेहुण्यांना एक मोठ्ठं खोकं पसंत पडलं, ज्यात पाटे (गाडी ज्यांवर झुलते त्या लोखंडी पट्ट्यांच्या चवडी), शॉक, नळ्या, बोल्ट, सगळं एकत्र येतं आणि वर गाडीला चिकटवायला स्टिकर मिळतो. किंमत ऐकून मी त्यांना विचारलं की यात जीपपण येते का. मग आम्ही आपल्या मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्रीचं मत असं की पाट्यांच्या आणि चाकांच्या दांड्याच्या मध्ये लोखंडी ठोकळा घालावा, सगळ्यांत स्वस्त. ठोकळा म्हटल्यावर बाबांचे डोळे चमकले. म्हणाले, कापायच्या जुन्या टेबलाचे चार सागवानी पाय पडून आहेत. मिस्त्रीने बाबांना हात जोडले. त्याने तिथेच खिळ्याने एक फळी उभी चिरून दाखवली, आणि म्हणाला की हे वळणावर झालं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तेव्हा लाकूड रद्द झालं. लोखंडी ठोकळाही रद्द झाला, कारण मिस्त्रीने खरं सांगून टाकलं की उतारावर ब्रेक दाबला की ठोकळ्यामुळे पाटे पिळवटतात. राहता राहिले भंगारातले जाड पाटे.

इथे आमची खरी चूक झाली, आणि ती दुसऱ्या कोणाच्या घरात झाली नसती. मिस्त्रीने विचारलं, किती उचलायची? बाबा म्हणाले, सव्वादोन. आणि मग, सवयीने, विचारलं की नवे पाटे बसवल्यावर आटतात का. मिस्त्री म्हणाला, थोडे बसतात. बाबांनी आटण्याचा सव्वा इंच वाढवला. मला ते माहीत नव्हतं. आपल्या दुकानाची रीत तुला ठाऊक आहे, माप घेणारा नेमकं माप सांगतो आणि कापणारा त्यात शिलाईचं वाढवतो. मी आयुष्यभर बाबांच्या मापावर कापत आलेय. त्यामुळे बाबांनी साडेतीन म्हटल्यावर माझ्या तोंडून मिस्त्रीसमोर पाच निघालं. आणि मिस्त्रीची स्वतःची एक समजूत आहे की गिऱ्हाईक नेहमी कमी सांगतं आणि मग भांडायला येतं, म्हणून तो सात धरून बसला. तिघंही अनुभवी माणसं. तिघांनीही प्रामाणिकपणे आपापलं काम केलं. भंगारवाल्याकडे पाण्याच्या टँकरचे पाटे मिळाले, आणि तुझी जीप बरोबर सात इंच वर गेली.

शॉक निवडण्याचं काम मेहुण्यांना दिलं, कारण काहीतरी दिल्याशिवाय ते घरी जाईनात. जुने शॉक नव्या उंचीला पुरत नव्हते, तेव्हा लांब हवे होते. मेहुण्यांनी लांबी पाहिली, जोर पाहिला, पण मुख्यतः रंग पाहिला. व्हिडिओत पिवळे होते. भंगारात पिवळे तीनच मिळाले, चौथा निळा आहे. (निळा मागे डाव्या बाजूला आहे, त्या बाजूने जीप बघू नकोस.) मिस्त्री या सगळ्यात एकदाच चिडला, तेव्हा मात्र सगळ्यांची तोंडं बंद झाली. जीप वर गेल्यावर ब्रेकची नळी तारेसारखी ताणली गेली होती. मेहुणे म्हणाले, चालतंय की. मिस्त्रीने पाना खाली टाकला आणि म्हणाला, वाकडं चाललं तरी चालेल, थांबलंच पाहिजे, आणि लांब नळी मिळेपर्यंत गाडी गॅरेजमधून हलणार नाही. नळ्या नव्याकोऱ्या आहेत, दुकानातून आणलेल्या, कागदात गुंडाळलेल्या. रागावताना एवढं लक्षात ठेव.

जीप घरी आणली. म्हणजे घरापर्यंत आणली. ज्या शेडमधून ती निघाली होती त्या शेडमध्ये ती जाईना, पत्र्याला टपाची कड लागत होती. म्हणून अंगणात उभी केली, तर संध्याकाळी दिवे लावल्यावर समोरच्या माडीवरच्या मास्तरीणबाईंच्या स्वयंपाकघरात उजेड पडला आणि त्यांनी खिडकीतून विचारलं की काही शोधताय का. पण उंचीचं काही नाही रे, खरं दुखणं वेगळंच होतं. टँकरचे पाटे दहा हजार लिटर पाणी पेलायला घडवलेले, त्यांना आम्ही तिघं बसलोय याची दखलच नव्हती. पहिल्याच खड्ड्यात मेहुण्यांनी जीभ चावली (दोन दिवस घरात शांतता होती, ते दिवस फार चांगले गेले). माझं डोकं टपाला लागलं. बाबा गुडघा धरून बसले. त्या धक्क्यांत त्यांना वर नेणं शक्यच नव्हतं.

तेव्हा ट्रायल सुरू झाल्या. मिस्त्रीने पाट्यांमधलं एकेक पान काढायचं, आम्ही वखारीपर्यंत चक्कर मारायची, बाबांनी टेप लावायचा, वहीत लिहायचं आणि मान हलवायची. पुन्हा एक पान काढायचं. अशा अकरा ट्रायल झाल्या. मिस्त्री म्हणाला, लग्नाच्या सुटालासुद्धा एवढ्या लागत नाहीत. बाबा म्हणाले, सूट अंगावर पडतो, अंगाला आपटत नाही. प्रत्येक ट्रायलला जीप मऊ होत गेली आणि खाली येत गेली. मागच्या बाजूला वाळूची चार पोती टाकली तेव्हा तर ती एखाद्या म्हाताऱ्या म्हशीसारखी शांत चालायला लागली. शेवटची उंची भरली अडीच इंच. म्हणजे हवे होते त्याहून पाव जास्त. सगळा खटाटोप करून आम्ही जिथे पोचलो ते बाबांनी पहिल्याच दिवशी वहीत लिहिलं होतं. बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे, मग मिस्त्रीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आटतं, म्हणालो नव्हतो?" मिस्त्रीने हात टेकले. मीही टेकले.

मागच्या गुरुवारी निघालो. ओढ्यात मेहुणे विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पुढे चालले होते आणि दोन्ही हातांनी अशा खुणा करत होते की दोन्ही हातांच्या खुणा एकमेकींना खोडत होत्या. मी त्यांच्याकडे बघणं सोडून दिलं आणि तुकड्याकडे बघितलं. पुढची चाकं चढली, उतरली. मी श्वास धरला. खालून एक बारीकसा घासल्याचा आवाज आला (ओरखडा पोटाला आहे, रंगाला नाही, त्यामुळे वर लिहिलेलं खोटं ठरत नाही), आणि मागची चाकं चढली आणि आम्ही पलीकडे. दादा, मला रडूच आलं. बाबांनी खडूचा डबा उघडून खडू मोजले आणि परत बंद केला.

आत्या पेट्यांजवळ होती. गाडीचा आवाज ऐकून आली आणि अंगणात थांबली. मी आधी तिला ओळखलंच नाही, मला वाटलं शेजारची कोणी आहे. कोट खरंच तिच्याभोवती फिरत होता. बाबा उतरले, रामराम नाही, कशी आहेस नाही, गळ्यातला टेप काढला आणि म्हणाले, सरळ उभी राहा. तीही उभी राहिली, हात जरासे बाजूला घेऊन, लहानपणी राहत असेल तशी. त्यांनी खांदा मोजला, छाती मोजली, बाही मोजली, परत खांदा मोजला. आत्याने विचारलं, "काय रे, किती कमी झाले?" बाबा म्हणाले, "काही नाही, तेवढीच आहेस. जुना कोटच सैल शिवला होता मी." पन्नास वर्षांत बाबांनी स्वतःची चूक कबूल केल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ती त्यांनी केलेलीच नव्हती. वहीत काय लिहिलं ते मी मागून पाहिलं. तो आकडा मी रोज कापते, सहावीतल्या मुलींच्या गणवेशाला.

तर असं आहे. पत्र लांबलं. हे मी आत्याच्या ओट्यावर बसून लिहितेय आणि पोस्टमन समोर बसून मध खातोय, त्याचं बोट चाटून झालं की उठेल. इथली हवा छान आहे. वहिनीला नमस्कार, पोरांना पापा. कळावं, म्हणजे जेवढं कळेल तेवढं. लोभ आहेच, राग आलाच तर तो मेहुण्यांवर काढावा.

तुझी,
धाकटी

ता. क. तुझे जुने पाटे तेल लावून, फडक्यात बांधून शेडमध्ये ठेवलेत. तू म्हणशील त्या दिवशी परत बसवू. शेडचा पत्रा मात्र आम्ही मधल्या सात इंचांच्या काळात कापला, तो परत बसणार नाही.

ता. क. २. वर मी लिहिलंय की सगळे खुशाल आहेत. आत्याचं नाव त्यात मी घातलं नव्हतं, तू पाहिलं असशीलच. ती डॉक्टरकडे यायला तयार नाही. माझं ऐकत नाही, मेहुण्यांचं कोणीच ऐकत नाही. तुझं ऐकेल. आल्यापासून चार वेळा विचारलंय तिने, थोरला कधी येतो. रजा काढ आणि ये. जीपच्या नावाने ओरडायला ये हवं तर, पण ये. ओढ्यापाशी मी न्यायला येईन.

ता. क. ३. येताना घरून बाबांचं शिवणयंत्र घेऊन ये, पायाचं. काल सकाळी आम्ही परत निघालो तेव्हा बाबांनी जीपच्या पायरीवर एक पाय ठेवला, गुडघा धरला आणि म्हणाले की तुम्ही गाडी फार उंच केलीत, मला काही चढता येत नाही, आता राहावंच लागेल. म्हणून आम्हीही अजून इथेच आहोत. त्याच्या अर्धा तास आधी मी त्यांना जीपमध्ये चढून कात्री, कापड आणि अस्तर काढताना पाहिलं होतं, दोन फेऱ्यांत. मी काही बोलले नाही, तूही बोलू नकोस. आत्याने विचारलं, कोटाला किती दिवस लागतील. अख्खा कोट दीड दिवसात उरकणारे आपले बाबा तिला म्हणाले की काम बारीक आहे, सगळी थंडी जाईल.